मला ‘बी’ देऊ द्या

न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांना, एका कॅलक्युलस शिकवणाऱ्या बाईचं खुलं पत्र

प्रिय आईबाबांनो,

सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये तुमच्यापैकी एकीनं मला गाठलं. एका हातात धाकटीचं दप्तर, दुसऱ्यात गाडीची किल्ली, आणि चेहरा असा की मी आपसूक थांबलेच. थोरल्या मुलाला एपी कॅलक्युलसमध्ये (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) वर्षभर ए होता, चारही मार्किंग पिरियड, म्हणजे चारही सत्रं. जुलैत त्याच विषयाच्या, मेमध्ये देशभर होणाऱ्या परीक्षेचा निकाल आला, तर २. पाचापैकी दोन. “ताई, एवढंच सांगा, खोटं कोण बोलतंय? शाळा का परीक्षा?” मी तोंड उघडायच्या आत शेजारी डिकीत सामान भरणारे एक बाबा वळले. त्यांच्या मुलीला वर्षभर बी, एकदा तर बी मायनस, आणि परीक्षेत ५. “मग आमच्या पोरीचा जीपीए कुणी खाल्ला?” जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी.

मला लेकीला भरतनाट्यमच्या क्लासला सोडायचं होतं. “निवांत बोलू” म्हणून मी सटकले. पण आपल्याकडे निवांत बोलणं गणपतीत आरती आणि जेवण यांच्या मधल्या सात मिनिटांत होतं, आणि त्यात कुणीतरी मठ्ठा वाढायला बोलावतंच. म्हणून हे पत्र.

मी मूळची सांगलीची. न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये सतरा वर्षं गणित शिकवते आहे, त्यातली बारा वर्षं एपी कॅलक्युलस एबी. माझ्या वर्गात तेलुगू, गुजराती, चिनी, कोरियन, गोरे, काळे सगळ्यांची मुलं असतात आणि पुढे जे लिहिलंय ते सगळ्यांच्याच आईबापांना लागू आहे. तुम्हालाच का लिहितेय, तर भांडायचं तर मातृभाषेत. इंग्रजीत मी फार गोड बोलते.

आधी त्या वहिनींचं उत्तर. खोटं कुणीच बोलत नाही. दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले आहेत. पण त्यातल्या एकाचा आवाज आपण दाबत आणलाय, आणि त्यात तुमचाही हात आहे नि माझाही.

माझ्या वर्गातली ग्रेड कशी बनते ते बघा. युनिट टेस्टना ६० टक्के, छोट्या क्विझना २५, गृहपाठ आणि वर्गकामाला १५. टेस्ट बिघडली तर पुन्हा द्यायची सोय आहे. चुका दुरुस्त करून, का चुकलं ते लिहून दिलं की काही गुण परत मिळतात. न्यू जर्सीत वर्षाला शाळेचे १८० दिवस, त्या सगळ्यांची ही सरासरी. वेळेवर येणं, वही पूर्ण असणं, न जमलेलं पुन्हा करून बघणं हे सगळं तिच्यात मुरलेलं असतं. शेजारच्या शाळेत हीच टक्केवारी वेगळी. तिथे गृहपाठाला ३० असतील, एक्स्ट्रा क्रेडिट असेल, टिश्यूचा बॉक्स आणल्याबद्दल दोन गुणही असतील. (हसू नका, मी पाहिलंय.) म्हणजे दोन शाळांतले दोन ए ही एकाच कारखान्याची नाणी नव्हेत.

आता मे महिन्यातली परीक्षा. तीन तास पंधरा मिनिटं. पंचेचाळीस पर्यायी प्रश्न आणि सहा सविस्तर, दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन. एकूण १०८ गुणांचा हिशेब होतो आणि त्याचे १ ते ५ असे पाच कप्पे पडतात. जुने प्रसिद्ध झालेले पेपर पाहिले तर १०८ पैकी साधारण दोन-तृतीयांश गुणांच्या आसपास ५ चा उंबरठा दिसतो. नीट वाचा: दोन-तृतीयांश. माझ्या शाळेत ६५ टक्क्यांना डी मिळतो. मेमध्ये तेवढ्याच कमाईवर सर्वोच्च श्रेणी मिळू शकते, कारण पेपरच तसा काढलेला असतो, प्रत्येक प्रश्नाच्या शेवटच्या पायरीवर चांगल्या चांगल्यांची दमछाक व्हावी असा. म्हणून “वर्गात ९३ टक्के, मग परीक्षेत ३ कसे” हा हिशेब मुळातच बसत नाही. एक फूटपट्टी आहे, दुसरी तराजू.

आणि तो तराजू कसा चालतो ते मी आतून पाहिलंय. २०१८ च्या जूनमध्ये मी कॅन्सस सिटीला पेपर तपासायला गेले होते. देशभरातून शेकडो शिक्षक आणि कॉलेजचे प्राध्यापक आलेले, भलंमोठं सभागृह, गोल टेबलं, एसी असा की जूनमध्ये स्वेटर घालून बसायचं. पहिला काही वेळ गुण कसे द्यायचे याचंच प्रशिक्षण. मग एकच प्रश्न. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच प्रश्नाची उत्तरं, एकामागून एक वह्या. नाव नाही, गाव नाही, पोराचा ए होता की सी ते माहीत नाही. त्यानं वर्षभर किती कष्ट केले हेही नाही.

एक मुलगा (किंवा मुलगी, कोण जाणे) मला अजून आठवतो. अक्षर मोत्यासारखं. तक्त्यातले आकडे घेऊन ट्रॅपेझॉइडनं बेरीज केलेली, एकही पायरी वगळलेली नाही, उत्तर चौकटीत. पुढचं वाक्य होतं, या आकड्याचा या प्रसंगात अर्थ काय ते एककांसकट सांगा. त्यानं आकडाच पुन्हा लिहिला होता, जरा मोठ्या अक्षरात. अर्थाचा गुण गेला. दुसऱ्या वहीत कोंबडीचे पाय, अर्ध्या ओळी खोडलेल्या, शेवटचं उत्तर ३/४ + ५/२ असंच अर्धवट सोडलेलं. पण खाली एक वाक्य: या वेळेपासून त्या वेळेपर्यंत टाकीत एकूण इतके गॅलन पाणी आलं. गुण मिळाला. बेरीज पूर्ण न केल्याबद्दल काहीही कापायचं नव्हतं, तो त्यांचा नियमच आहे. मी सांगलीत शिकलेली बाई. उत्तराखाली दोन रेघा मारल्या नाहीत म्हणून आमचे सर अर्धा मार्क कापायचे. माझा हात शिवशिवत होता.

परत आल्यावर मी माझे आधीच्या वर्षीचे टेस्टचे पेपर काढून बघितले. मी नीटनेटकेपणाला किती गुण देत होते! आणि ‘का’ या शब्दाला किती कमी. फंक्शनचा महत्तम बिंदू इथे आहे, कारण डेरिव्हेटिव्ह इथे धनाचा ऋण होतो, हे ‘कारण’ लिहिणं त्या परीक्षेचा जीव आहे. माझ्या वर्गात मात्र नुसता बिंदू शोधून चौकटीत टाकणाऱ्यालाही ए मिळत होता. अशा मुलांना परीक्षेत ३ आले तर त्यात त्यांची चूक किती आणि माझी किती?

म्हणजे वर्गातला ए आणि परीक्षेतला २ यांच्यातलं अंतर कधीकधी शिक्षकाचं असतं. हे मी आधी कबूल करते, मग तुमच्याकडे वळते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र लिहायचं मी तीन वर्षं टाळलं. एका मुलाचे दुसऱ्या मार्किंग पिरियडला ८९.४ टक्के झाले. ८९.५ ला शाळेचं ग्रेड दाखवणारं पोर्टल आपोआप ९० करतं. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या आईचा ईमेल, राउंड अप करता येईल का? सकाळी बाबांचा, सोबत एक्सेलची शीट, प्रत्येक क्विझचा हिशेब मांडलेला आणि एका ठिकाणी माझी खरोखरच चूक झाली असावी असं सूचित केलेलं. (झाली नव्हती.) मग मुलगा स्वतः, मान खाली घालून. मग कौन्सेलर. चौथ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला एक जादा सुधारणा-पत्रक दिलं, म्हणजे एकट्याला दिल्यासारखं दिसू नये. त्याचे ९०.१ झाले. आईचा ईमेल आला, त्यात तीन उद्गारचिन्हं होती.

त्या ८९.४ मध्ये काय दडलं होतं ते मला माहीत होतं. त्याला चेन रूल यायचा, पण दिसायचा नाही. म्हणजे “चेन रूल वापरा” म्हटलं की बिनचूक, पण प्रश्नात तो लपलेला असला की चुकलाच. इम्प्लिसिट डिफरन्सिएशन, रिलेटेड रेट्स, पुढचं सगळं घर त्याच विटेवर उभं होतं. बी राहिला असता तर कदाचित घरात चार शब्द झाले असते, कदाचित तो शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊन बसला असता. ए आला, विषय मिटला. मेमध्ये पेपर, जुलैत २. तोपर्यंत त्याच्या हातात कॉलेजचं पत्र आलेलं होतं, त्यामुळे घरात कुणी फार बोललंही नाही. तो २ माझाही आहे. मी त्याची आगीची घंटा बंद केली, ती कर्कश वाजते म्हणून.

आणि ही एका शाळेची गोष्ट नाही. एसीटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा घेणाऱ्या संस्थेनंच २०२२ मध्ये आकडे मांडले होते. त्यांची परीक्षा देणाऱ्या मुलांचा हायस्कूलचा सरासरी जीपीए २०१० मध्ये ३.१७ होता, २०२१ मध्ये ३.३६ झाला. त्याच काळात परीक्षेतले सरासरी गुण वाढले नाहीत, उलट घसरले. मुलं हुशार झाली म्हणून ग्रेड वाढल्या असं म्हणायला जागा नाही. २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या समितीचा अहवाल आला. हायस्कूलच्या पातळीचंही गणित न येणारे त्यांचे नवे विद्यार्थी पाच वर्षांत जवळपास तीसपट झाले होते. त्यांच्यासाठी जो उजळणीचा वर्ग काढला, त्यात २०२४ मध्ये बसलेल्या पावाहून जास्त मुलांची हायस्कूलमधली गणिताची सरासरी ४.० होती. पैकीच्या पैकी. त्या चार पूर्णांक शून्यमागे किती राउंड अप असतील, मला मोजवत नाही. त्या विद्यापीठानं प्रवेशासाठी एसएटी आणि एसीटी बघणं बंद केलेलं असल्यामुळे दुसरी घंटाही नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग परीक्षाच खरी. ग्रेड गेल्या उडत. थांबा. डिकीवाल्या बाबांची पाळी यायची आहे.

बी असताना ५ आणणारी एक मुलगी माझ्याकडेही होती. शनिवार-रविवार वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. गृहपाठ कधी वेळेवर नाही, क्विझ निम्म्या बुडवलेल्या, पण टेस्टमध्ये एखादा असा प्रश्न सोडवायची की मी तो फळ्यावर मांडून दाखवायचे. वर्षअखेर बी, परीक्षेत ५. ग्रेडनं तिच्यावर अन्याय केला का? मला बरेच दिवस तसं वाटायचं. ती पुढच्या थँक्सगिव्हिंगला शाळेत भेटायला आली तेव्हा म्हणाली, “तुम्ही गृहपाठाचे मार्क कापायचात ना, इथे कुणी कापत नाही. इथे कुणी मागतच नाही. मिडटर्मला डायरेक्ट बुडाले.” ५ मुळे तिला कॅलक्युलसचा पहिला कोर्स माफ झाला होता आणि ती थेट दुसऱ्यात जाऊन बसली होती. डोकं होतं, सवय नव्हती. बी त्या सवयीबद्दल बोलत होता.

शिकागोच्या सरकारी शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांचा एलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि कॅली क्लार्क यांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये आला. कॉलेज पुरं कोण करेल याचा अंदाज एसीटीच्या गुणांपेक्षा हायस्कूलच्या ग्रेडवरून कितीतरी चांगला येतो, असं त्यांना दिसलं. रोज उठून जाणं, नावडत्या विषयाचंही वेळेत देणं, आजारी पडल्यावर राहिलेलं भरून काढणं, हे तीन तासांत मोजता येत नाही.

पण एपीच्या बाबतीत एक जुना अभ्यास आहे, तो मला आपल्या मंडळाच्या नोटीस बोर्डावर लावावासा वाटतो. २००४ मध्ये सॉल गीझर आणि व्हेरोनिका सँटेलिसेस यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात आलेली मुलं तपासली. एपी आणि ऑनर्सचे किती विषय घेतले, त्या संख्येचा कॉलेजातल्या कामगिरीशी जवळजवळ काहीच संबंध नव्हता. एपीच्या परीक्षेत काय मिळवलं, याचा होता, आणि चांगलाच होता. म्हणजे वर्गात नुसतं नाव घातल्यानं काही होत नाही. आणि आपल्याकडे भेटल्यावर पहिला प्रश्न काय असतो? “तुमच्याकडे किती एपी?” अकरा. बारा. एका घरी चौदा ऐकले. लग्नाच्या पंगतीत जिलब्या मोजाव्यात तसे.

ही हाव का सुटते तेही सांगते, कारण दोष तुमचा एकट्याचा नाही, व्यवस्थाच तशी रचली आहे. पुष्कळ शाळांत साध्या वर्गातल्या ए ला ४ धरतात, एपीतल्या ए ला ५. हा जादा गुण वर्गात बसल्याचा. परीक्षा दिली काय, न दिली काय, दिली आणि १ मिळाला काय, जीपीएला त्याचं सोयरसुतक नाही. त्यात बारावीतली मुलं १ मेपर्यंत कॉलेज ठरवून मोकळी झालेली असतात, पेपर त्यानंतर, निकाल जुलैत. म्हणजे बारावीत घेतलेल्या एपीचा परीक्षेचा आकडा प्रवेश देणाऱ्याला दिसतच नाही. त्याला दिसते माझी ग्रेड. मग तुम्ही ग्रेडसाठी रात्री ईमेल का करणार नाही? जिथे पैसे ठेवलेत तिथेच माणूस पहारा देतो. येलनं २०२४ मध्ये एसएटी-एसीटीऐवजी एपीचे गुणही चालतील असं जाहीर केलं तेव्हा मला बरं वाटलं, पण त्याचाही उपयोग अकरावीपर्यंत दिलेल्या परीक्षांचाच.

हे आपल्याला नवं आहे असंही नाही. तुमच्यातल्या ज्यांनी महाराष्ट्रात बारावी सायन्स केलं त्यांनी प्रॅक्टिकलचे मार्क आठवून बघा. आमच्या कॉलेजात जर्नल पूर्ण असलं, मागच्या बॅचकडून रीडिंग नीट उतरवलेलं असलं आणि एक्स्टर्नलना वेळेवर गरम बटाटेवडा मिळाला, की सगळ्यांना जवळजवळ सारखेच मार्क. टायट्रेशन ज्याला खरंच यायचं त्याला आणि ज्यानं ब्युरेट उलटा लावला त्यालाही. त्या मार्कांना म्हणून कुणी किंमतच द्यायचं नाही. “थिअरीत किती?” एवढंच विचारायचे. पुढे २०२१ मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही, दहावी, अकरावी आणि अंतर्गत गुण यांवर निकाल लावला, तर राज्याचा निकाल ९९.६३ टक्के. आदल्या वर्षी तो ९०.६६ होता, पुढच्या वर्षी ९४.२२. माझी आत्या फोनवर म्हणाली होती, “नापास झालेल्याचा सत्कार करायला हवा, दुर्मीळ आहे तो.” आता तिकडे उलटं टोक आहे. पोरं ज्युनियर कॉलेजात नावापुरती आणि दिवसभर क्लासमध्ये, कारण एंट्रन्सच सगळं ठरवते. शाळेच्या मार्कांवरचा विश्वास उडाला की काय होतं ते आपण घरच्या अंगणात पाहिलंय. शाळा ओस पडते. मला माझा वर्ग तसा होऊन नकोय.

बरं, परीक्षेलाही देव्हाऱ्यात बसवू नका. २०२० मध्ये हीच एपी घरून, पुस्तक उघडं ठेवून, पंचेचाळीस मिनिटांत घेतली आणि तरी १ ते ५ चे तेच कप्पे वापरले. अमेरिकेच्या इतिहासाच्या एपीत ३ किंवा वर मिळवणारे २०२३ मध्ये निम्म्याहून कमी होते, २०२४ मध्ये ७२ टक्क्यांच्या आसपास गेले. मुलं एका वर्षात इतिहासकार झाली नाहीत, एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं कप्प्यांच्या भिंती सरकवल्या. आणि वेळापत्रक बघा. जॉर्जियातल्या शाळा ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतात, आपल्या सप्टेंबरात लेबर डेच्या आगेमागे. पेपर मात्र सगळ्या देशाला एकाच दिवशी. त्यांना मिळालेला तो जादा महिना मी नऊ महिने उधार मागत असते. मेमध्ये पेपर झाल्यावर जून संपत येईपर्यंत आमच्याकडे वेळच वेळ, तेव्हा मुलं आइस्क्रीमच्या कोनाचं घनफळ काढतात नि मग ते खातात.

तरीही ही परीक्षा नसावी असं मी कधी म्हणणार नाही, आणि त्याला कारण पूर्व लॉस एंजेलिसमधली गारफील्ड हायस्कूल. १९८२ मध्ये तिथल्या जेमी एस्कलांते या बोलिव्हियाहून आलेल्या मास्तरांची अठरा मुलं एपी कॅलक्युलसला बसली, गरीब मेक्सिकन वस्तीतली, आणि अठराही पास झाली. चौदा जणांवर संशय घेतला गेला. त्यातल्या बारा जणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा परीक्षा दिली, आणि बाराही पुन्हा पास. विचार करा, त्या शाळेतल्या ए वर कुणी विश्वास ठेवला असता? बाहेरच्या परीक्षेवरसुद्धा पहिल्यांदा ठेवला नाही, दोनदा द्यायला लावली. ज्याच्या शाळेच्या नावाला वजन नाही, त्याला हा बाहेरचा साक्षीदार लागतो. आपल्या एडिसन-प्रिन्सटनकडच्या मुलांना त्याची गरज कमी, म्हणून आपल्याला तो नुसता छळ वाटतो.

आता माझं मागणं. ऑक्टोबरात मला बी देऊ द्या. सी असेल तर सी. जुलैतला आकडा कितीही खरा असला तरी तो आला की करण्यासारखं काही उरत नाही, पुस्तक परत केलेलं असतं, वर्ग विखुरलेला असतो. वर्षाच्या मध्यात मुलाला आणि तुम्हाला खरं सांगू शकेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती म्हणजे टेस्टच्या पेपरावरचा लाल आकडा. तो तुम्ही घासाघीस करून वर नेलात की तो बोलायचा बंद होतो. भाजीवाल्याशी घासाघीस करून दोन मिरच्या जास्त आणाल. थर्मामीटरशी करून ताप उतरत नाही.

आणि पोर्टल उघडण्याआधी पेपर मागा. मुलाला म्हणा, दाखव. बहुतेक घरांत पोर्टल दिवसातून चार वेळा बघितलं जातं आणि पेपर वर्षात एकदाही नाही. तुम्हाला कॅलक्युलस येत नसेल तरी चालेल. मी समासात लिहिलेलं असतं: “का?”, “एकक?”, “+ सी कुठे गेला?” एवढं तुम्हाला वाचता येईल. तो सी, म्हणजे इंटिग्रेशननंतर जोडायचा स्थिरांक, विसरला तर डिफरन्शियल इक्वेशनच्या प्रश्नातले बरेचसे गुण एका फटक्यात जातात, आणि दर वर्षी माझी सहा-सात पोरं विसरतात. मुलाला एवढंच विचारा, की बाई इथे ‘का’ म्हणतायत, तर काय उत्तर आहे? तो नीट सांगू शकला तर काळजी करू नका, मग ग्रेड काहीही असो. “मला माहितेय पण सांगता येत नाही” म्हणाला, तर मंगळवार-गुरुवार शाळा सुटल्यावर मी थांबते, त्याला पाठवा. क्लास लावायची घाई करू नका. क्लासवाला त्याच पद्धतीचे आणखी दोनशे प्रश्न देईल आणि चेन रूल पुन्हा दिसायचा राहील.

ज्यांच्या मुलांना बी किंवा सी आहे त्यांनी “मग परीक्षेला नकोच बसवूया” असं ठरवू नये, ही वेगळी विनंती. माझ्याकडे सी असलेल्यांनी ३ आणलेत, आणि त्याचं क्रेडिट देणारी सरकारी विद्यापीठं आहेत. टेक्सासमध्ये तर साधारणपणे तसा कायदाच आहे. उलट एमआयटीसारख्या ठिकाणी कॅलक्युलससाठी बीसीचा (एबीच्या पुढच्या एपी कॅलक्युलसचा) ५ च लागतो, तिथे ए दाखवून काही होत नाही. कुठे काय चालतं ते त्या-त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. तिथे मागच्या आठवड्यात मीच माझ्याबद्दल चुकीची माहिती वाचली.

येत्या गुरुवारी आमच्याकडे बॅक टू स्कूल नाइट आहे. प्रत्येक वर्गाला दहा मिनिटं मिळतात, त्यातली चार लोकांना खोली सापडण्यात जातात. तेव्हा माझ्याशी टक्केवारीवर बोलू नका, हे सगळं इथे लिहून टाकलंय. पहिली टेस्ट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, लिमिट्सवर. टेस्टच्या पुढच्या शुक्रवारी पेपर घरी येईल. लाल पेनातच, दुसरा रंग मला अजून जमत नाही.

आपली,
खोली २१४ मधली बाई

ता. क. परीक्षेची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, म्हणजे पहिल्या मार्किंग पिरियडच्या ग्रेड येतात त्याच सुमारास. फी शंभराच्या आसपास डॉलर आहे. नाव घालून नंतर काढलंत किंवा उशिरा घातलंत तर चाळीस डॉलर वेगळे. एनजेईए या शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाच्या सुट्टीत दर वर्षी निम्मे लोक डिस्नेला जातात आणि फॉर्म विसरतात. जाण्याआधी भरा.